सात दातांचं चाक

माण तालुक्यात बर्फ म्हटलं की जत्रेतला गोळेवाला. त्यापलीकडं या भागाचा आणि बर्फाचा काडीचा संबंध नाही. जिथं पाण्यासाठी टँकरची वाट बघायची, तिथं बर्फाचं कौतुक कोण करणार? अशा गावात बिरदेवच्या अंगणात बर्फावर चालणाऱ्या गाडीचा पट्टा येऊन पडला, आणि गावाला दसऱ्याआधीच करमणूक मिळाली.

पहिल्या दिवशी हरिबा आला. साडेबारा फूट लांबीचा, गोल शिवलेला तो काळा रबरी पट्टा त्यानं चपलेच्या टोकानं ढोसला आणि विचारलं, "मेजर, ह्यो खळ्यावर चालंल का? बाजरी मळायला?"

दुसऱ्या दिवशी हरणाबाई म्हणाली, "पायऱ्या हायत व्हय ह्या? माळ्यावर चढायच्या?" तिसऱ्या दिवशी घरच्याच शेळीनं एक रबरी पातं कुरतडलं. बिरदेव काठी घेऊन तिच्या मागं वेशीपर्यंत पळाला. गावानं तेही बघितलं.

बिरदेवला हसण्याचा राग नव्हता. अज्ञानाचा होता. सैन्यात तेवीस वर्षं त्यानं गाड्या दुरुस्त केल्या होत्या, त्यातली शेवटची सहा बर्फातल्या ठाण्यांवर, स्नो स्कूटरच्या पोटाखाली पाठीवर पडून. हवालदार होऊन घरी आला त्याला बारा वर्षं झाली. आता तो दहिवडीत ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. गावात सैन्यातनं आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, त्यामुळं त्या नावाचं त्याला काही वाटत नसे. त्याला आवडायचं ते दुसरंच नाव होतं, आणि ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते नाव अंगरूपनं दिलं होतं. अंगरूप हिमाचलातल्या लाहौलचा, त्याच ठाण्यावर स्कूटर चालवायचा. एका हिवाळ्यात बिरदेवच्या छातीत पाणी झालं, श्वास मिळेना, आणि हेलिकॉप्टरला ढगामुळं उतरता येईना. अंगरूपनं त्याला घसरगाडीला बांधलं आणि नऊ किलोमीटर खाली ओढत नेलं. वाटेत सारखा बोलत राहिला, "सोना नहीं, उस्ताद. स्कूटर कौन ठीक करेगा, उस्ताद?" बिरदेव जगला तो त्या बडबडीवर, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

त्याच अंगरूपचा भाद्रपदात फोन आला. गावानं एक जुनी स्नो स्कूटर घेतली होती, आजारी माणसाला रस्त्यापर्यंत न्यायला. अंगरूपचं गाव खोलगट जागेत. रस्त्याला लागायचं तर आधी एक उभा चढ चढावा लागे. गेल्या जानेवारीत त्याच्या सुनेला, डोलमाला, वेळेआधी कळा सुरू झाल्या. त्या चढावर ताज्या भुसभुशीत बर्फात स्कूटरचा पट्टा जागच्या जागी फिरला आणि गाडी स्वतःचाच खड्डा खणून आत बसली. माणसांनी खांद्यावर बाज उचलली. मूल वाटेतच झालं आणि वाटेतच गेलं. आता या जानेवारीत डोलमाचे पुन्हा दिवस भरणार होते.

एवढं ऐकून बिरदेव म्हणाला, "पट्टा भेज दे. चाक मैं बना दूँगा. चढ़ेगी."

तो एक शब्द बोलायला नको होता असं नंतर त्याला शंभरदा वाटलं. पण शब्द गेला होता, आणि शिवाय त्यानं तो पारावर बसून सगळ्या गावालाही ऐकवला होता.

काम तसं समजायला सोपं. जुन्या पट्ट्याची पाती दीड इंचाची होती. वाऱ्यानं दाबलेल्या कडक बर्फावर ती भागतात, पण कमरेएवढ्या पिठासारख्या बर्फात त्यांना पकड मिळत नाही. म्हणून अंगरूपनं सव्वादोन इंच पात्यांचा पट्टा कुठनंतरी जुना मिळवला. पण पाती उंच झाली की ती पट्ट्यावरच्या पत्र्याला आतनं घासतात. मग पट्टा फिरवणारं दातेरी चाक लहान करायचं. आठ नव्हे, सात दातांचं. चाक लहान झालं की वेग कमी होतो आणि ओढ वाढते, चढाला तेच हवं. अडचण एवढीच की त्या जुन्या गाडीच्या सहाकोनी शाफ्टवर बसणारं तसं चाक आता कुणी बनवत नव्हतं. पट्ट्याबरोबर अंगरूपनं तो शाफ्ट पाठवला होता. त्यावर चार नवी चाकं बसवून द्यायची होती.

चाकं करायला बिरदेव सांगलीला गेला, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. तिथं प्रबुद्धचं मशीनशॉप. प्रबुद्ध चाळिशीतला, डोकेबाज आणि तोंडानं फटकळ. साखर कारखान्यांना लागणारी नायलॉनची दातेरी चाकं त्याच्यासारखी कुणी करत नाही असं लोक म्हणत, आणि तोही म्हणे.

"दोन दातांमधलं अंतर किती, मेजर?"

"तीन इंच. फार तर सूतभर कमी."

"सूतभर न्हवं, नेमकं सांगा."

"आरं, सुतानं काय व्हतंय? रबर हाय ते."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडच्या मिस्त्र्याचं आयुष्य सुतात जातं आणि सूतभरात सोडून देण्यातही जातं. प्रबुद्धनं तीन इंचांवर चाकं कापली. अंगणात लाकडी घोडीवर शाफ्ट लावून बिरदेव आणि त्याचा पुतण्या सिद्धू यांनी पट्टा चढवला आणि लांब पान्यानं फिरवला. सिद्धू सैन्यातच होता, सुट्टीवर आला होता. पट्टा पाव फेरा गोडीत फिरला, मग टक्क करून दात वर चढला आणि सटकला. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्क.

"आबा, ह्ये जोर लावला की उड्या मारतंय," सिद्धू म्हणाला.

"डोळं हायत मला!" बिरदेव ओरडला.

सूतभराच्या फरकानं तीन-चार दातांत अर्ध्या इंचाची चूक साठत होती. बिरदेवनं या वेळी दहा अंतरं एकदम मोजली. अठ्ठावीस इंच पाच सूत. म्हणजे एक अंतर दोन इंच आणि शंभरातले शहाऐंशी भाग. पहिल्या दिवशी दहा मिनिटं जास्त वाकला असता तर पंधरा दिवस वाचले असते. तो स्वतःवर चिडला, आणि राग निघाला शेळीवर.

दुसऱ्या खेपेला प्रबुद्धनं चाकं मापात कापली. वाद झाला तो मधल्या भोकावरनं.

"भोक शाफ्टापेक्षा केसभर लहान ठेवतो," प्रबुद्ध म्हणाला. "दाबून बसवायचं. आमच्या कारखान्याच्या चाकांस्नी तसंच करतो. गरम मळीत नायलॉन फुगतंय आन् ढिलं पडतंय, म्हणून आधीच घट्ट ठेवायचं."

"केसभर न्हाई, दोन केस ठेव," बिरदेव म्हणाला. "चढावर चाक बाजूला सरकलं तर पट्टा उतरंल. जीवाचा खेळ हाय."

प्रबुद्धनं दोन केस ठेवले. प्रेसखाली घालून चारही चाकं शाफ्टवर अशी बसली की हातोड्यानंही हलेनात. या वेळी पट्टा घोडीवर लोण्यासारखा फिरला. पात्यांची टोकं अंगरूपनं कळवलेल्या मापानं सूतभर कापली, आणि शेळीनं खाल्लेलं पातंही त्यात जमून गेलं. बिरदेवनं पारावर बसून दोन चहा पाजले. अंगरूपला फोन करून सांगितलं, "तैयार है." तिकडनं अंगरूप म्हणाला, "मुझे पता था, उस्ताद."

दिवाळी झाली. सिद्धूला बुधवारी परत निघायचं होतं. त्याची पलटण त्याच बाजूला, त्यामुळं पट्टा आणि शाफ्ट तोच घेऊन जाणार होता. पुढं पंधरा दिवसांत अंगरूपच्या गावची वाट बर्फानं बंद झाली असती. सोमवारी दुपारी बिरदेव गोणपाटात शाफ्ट शिवत बसला होता, तेव्हा स्वयंपाकघरातनं धोंडुबाईचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला.

"आवं, ह्ये बगा! नवं झाकण. उभं चिरलं."

"मला कामं हायत."

"दुधाचा स्टीलचा डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवलाता. अर्धाच भरलाता. प्लास्टिकचं झाकण चांगलं घट्ट बसतंय म्हणून मुद्दाम घेतलंतं, तर त्येच फुटलं."

"मग ढिलं घ्यायचं! गारठ्यात प्लास्टिक आवळतंय, एवढं बी कळत न्हाई तुला? खाली स्टील काय त्याच्यासाठी बारीक व्हनार हाय?"

आणि बिरदेवची सुई गोणपाटात तशीच राहिली.

त्याला ठाण्यावरच्या बादल्या आठवल्या. पहाटे उचलायला जावं तर कड हातात येई. त्याला जेरीकॅनची झाकणं आठवली, पापडासारखी मोडणारी. सहा हिवाळे त्यानं हे डोळ्यांनी बघितलं होतं. आणि बारा उन्हाळे माणमध्ये काढल्यावर तो सगळं विसरून गरम मळीच्या हिशेबानं चाक बसवून बसला होता. प्रबुद्धला तरी काय म्हणावं? त्यानं जन्मात बर्फ बघितला नव्हता. ज्यानं बघितला होता त्यानंच एकाचे दोन केस करून घेतले होते.

"काय झालं वं?" धोंडुबाई दारात आली.

"काय न्हाई. अक्कल गहाण पडलीया माजी."

मंगळवारी सकाळी सहा वाजता तो सिद्धूच्या मोटारसायकलवर मागं शाफ्ट मांडीवर घेऊन फलटणला निघाला. त्याची सून पल्लवी तिथल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डेअरीत लोणी ठेवायची एक खोली होती, उणे वीस अंशांची. पहारेकऱ्यानं गोणपाटातली वस्तू बघून विचारलं, "तोफ हाय का?" बिरदेवनं त्याच्याकडं असं बघितलं की पल्लवीला मध्ये पडावं लागलं.

"आबा, साहेबांना विचारलंय. चार तास ठेवू देतील. पण लोण्याला हात लावायचा नाही."

"लोणी खायाला आलो व्हय मी?"

चार तास तो फाटकाबाहेर उभा राहिला. दोनदा सिद्धूवर खेकसला, एकदा चहावाल्यावर. मनात एकच घोकत होता, फुटू नको, फुटू नको. पल्लवीनं शाफ्ट बाहेर आणला तेव्हा त्यावर पांढरं दव धरलं होतं. तिनं काही बोलायच्या आत त्यानं अंगठ्यानं दव पुसलं. पहिलं चाक ठीक. दुसऱ्या चाकाला दोन दातांच्या मधनं भोकापर्यंत एक चीर. तिसरं ठीक. चौथं उघडच फाकलं होतं.

आणि हे नुसतं गारठ्यानं, जागच्या जागी, काहीही ओढायला न लावता. तिथं उणे तीस असतं, आणि गाडीत पोटुशी बाई.

"आबा, बरं झालं ना इथंच कळलं," पल्लवी म्हणाली.

"बरं?" बिरदेवचा आवाज चढला. "काय बरं झालं त्यात? दोन महिनं घालवलं, गावाला सांगितलं, त्याला सांगितलं. काय बरं झालं, सांग की!" पल्लवीनं शाफ्ट परत गोणपाटात गुंडाळायला घेतला. तिचा काहीच दोष नव्हता हे त्याला कळत होतं आणि त्यामुळं तो आणखी चिडत होता.

संध्याकाळी ते सांगलीला पोचले. फुटलेलं चाक बघून प्रबुद्धचा चेहरा पडला. पण बोलला तो उलटंच.

"माझं चाक फुटत न्हाई. तुमी आपटलं असंल."

"आपटलं न्हाई. गारठलं."

"सहा कारखान्यांत माझी चाकं फिरतात, मेजर. एक तक्रार न्हाई."

"कारखान्यात ऊन हाय, गड्या! तिथं बर्फ हाय! चूक तुजी न्हाई, माजी हाय, आता लिहून देऊ का?"

प्रबुद्धनं चिरेवरनं बोट फिरवलं. बिरदेवनं कधी चूक कबूल केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. मग त्यानं मशीनवरचं दुसरं काम काढून ठेवलं आणि नायलॉनचा उरलेला ठोकळा शोधायला गेला.

बुधवारी सकाळपासनं दोघं कामाला लागले. या खेपेला भोक शाफ्टापेक्षा मोठं ठेवलं, गारठ्यात आवळलं तरी ताण येऊ नये असं. चाक बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही अंगाला पोलादी कड्या घातल्या. दुपारी बर्फाच्या कारखान्यातनं दोन लाद्या आणल्या, पिंपात फोडून मिठात कालवल्या आणि शाफ्ट त्यात दोन तास बुडवला. चीर पडली नाही. प्रबुद्ध खूश झाला.

"आता तरी हसा, मेजर."

बिरदेव हसला नाही. पिंपात फार तर उणे पंधरा असतील. आणि पिंपात चढ नव्हता. गाडीला जोडून, भाराखाली, खऱ्या थंडीत हे चाक कुणी चालवून बघितलंच नव्हतं, आणि बघायला वेळही उरला नव्हता. सिद्धूची गाडी साताऱ्याऐवजी मिरजेहून पकडायची ठरली होती.

फलाटावर गोणपाटातला शाफ्ट आणि गावाकडनं एसटीनं मागवलेली पट्ट्याची गुंडाळी ठेवून सिद्धू पाणी आणायला गेला. बिरदेवनं फोन काढला, परत खिशात ठेवला, परत काढला. न सांगितलं तर काय बिघडणार होतं? चाकं बहुतेक टिकतील. टिकली तर तो उस्तादच राहील. पण बहुतेकच्या भरवशावर अंगरूप सुनेला घरात ठेवून घेईल. बिरदेव म्हणालाय चढेल, मग चढेलच, असं म्हणून जानेवारीपर्यंत निवांत बसेल.

त्यानं फोन लावला आणि सगळं सांगितलं. आधीची चाकं गारठ्यात फुटली. थंडी मीच विसरलो. नवी नीट केली आहेत, पण त्यांची हमी मी देत नाही. डोलमाला वाट बंद व्हायच्या आत खाली ने. या गाडीच्या भरवशावर तिला गावात ठेवू नको.

मग अंगरूप म्हणाला, "ठीक है."

नुसतं ठीक है. पुढचा शब्द आलाच नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. अंगरूपचा फोन लागेना. लागला तर एक बाई हिंदीत सांगायची की संपर्क होत नाही, आणि बिरदेव त्या बाईला मराठीत शिव्या द्यायचा. गावानं विचारणं सोडलं नाही. "मेजर, चढली का गाडी?" हरिबा रोज विचारी. बिरदेवनं पाराकडनं जाणंच सोडलं, मागच्या वाटेनं यायला लागला. घरात वस्तू आपटू लागला. धोंडुबाई एकदा म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय तुमचं?" तर त्यानं ते भांडंही आपटलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी, अंगणात उन्हानं पाय भाजत होते तेव्हा, फोन वाजला. अंगरूप होता. मागं कुठलंतरी इंजिन घरघरत होतं, त्यामुळं निम्मं ऐकू येईना. बिरदेव ओरडून विचारत होता आणि अंगरूप ओरडून सांगत होता. डोलमा वाट बंद व्हायच्या आधीच कुल्लूला बहिणीकडं गेली. त्या फोननंतर सगळ्या घरानं बसून तसं ठरवलं. जानेवारीत दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

बिरदेवनं डोळे मिटले. छातीवरचा धोंडा खाली ठेवल्यासारखं झालं. आणि लगेच, माणूस तो माणूसच, त्याला दुसरीच शंका आली. म्हणजे चाकं तशीच पडून राहिली?

"और चाक?" त्यानं विचारलं.

अंगरूप हसला. तो दोन हिवाळी महिने खाली गावाभोवतीच स्कूटर चालवत होता. आधी रिकामी, मग पोती घालून, मग माणसं घालून. रोज चाकं उघडून बघायचा. चीर नाही, उडी नाही. आणि आज तो डोलमाला आणि तिच्या लेकीला घरी घेऊन चालला होता. गावातनं रस्त्याकडं येताना जो चढ लागतो, जिथं गेल्या वर्षी गाडी रुतली होती, तो सकाळी स्कूटर एका दमात चढून आली होती. आता परतताना दोघींना घेऊन ते त्याच चढाच्या माथ्यावर उभे होते, कारण बर्फ पडल्यापासनं गावात फोन लागत नाही.

"चढ़ गई, उस्ताद," अंगरूप म्हणाला. "आपकी वाली चढ़ गई."

इंजिनाच्या आवाजात एक बारीक रडणं मिसळलं.

"आरे, तो वहाँ खड़ा क्या है?" बिरदेव अंगणात उभा राहून असा ओरडला की हरिबा कुंपणावरनं डोकावला. "बच्ची को ठंड लगेगी! टोपी डाल उसको! इंजन बंद मत करना! जा, घर जा पहले!"

फोन बंद झाला. आणि मग त्याला आठवलं की विचारायचं सगळं राहूनच गेलं. कड्या तापतात का, सात दात कमी पडत नाहीत ना, पट्ट्याचा ताण किती ठेवलाय. त्यानं परत फोन लावला. ती बाई आली. त्यानं तिला पुन्हा एक शिवी हासडली.

धोंडुबाई दारात उभी होती. "काय म्हनाला तुमचा मैतर?"

बिरदेवनं फोन खिशात घातला.

"उस्ताद म्हनाला," तो म्हणाला.